पुराव्याचे शास्त्र आणि आमची पेढी

जून महिन्यातील एका संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपल्यावर, माझ्या नातीने एक छापील अर्ज माझ्यासमोर ठेवला. ती पुण्याच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी. करते. रसायनशास्त्र हा तिचा मुख्य विषय आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाच्या जोडीला एक गौण विषय घ्यावा लागतो. अर्जातील त्या रकान्यात तिने लिहिले होते, ‘न्यायसहायक विज्ञान’. म्हणजे बोलीत ज्याला फॉरेन्सिक सायन्स म्हणतात ते. खाली पालकांच्या सहीची जागा मोकळी होती.

घरात जे व्हायचे ते झाले. पत्नी म्हणाली, “मुडदे फाडण्याची विद्या आपल्या घरात कशाला?” मुलाचे म्हणणे वेगळे होते. सांगलीच्या बाजारात आमचा हळदीचा आणि गुळाचा आडत व्यापार तीन पिढ्यांचा. मुलीने रसायनशास्त्र घेतले तेव्हा निदान मसाल्याच्या धंद्याला त्याचा उपयोग होईल असा त्याचा हिशेब होता. पोलीस, कोर्ट आणि साक्षीपुरावा यांच्याशी आपल्या घराण्याचा काय संबंध, असे त्याने विचारले. सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण मुलीच्या लग्नाच्या वेळी हा विषय पाहुण्यांना कसा सांगायचा हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होता. अखेर अर्ज माझ्याकडे आला. मी आठ दिवसांची मुदत मागितली. व्यापाऱ्याने माल न पाहता भाव बोलू नये, एवढेच त्या वेळी माझ्या मनात होते.

त्या आठ दिवसांत मी जे वाचले, विचारले आणि आठवले, ते येथे मांडतो. आपल्या अनेक घरांतील मुले-मुली आज अशा अनोळखी विषयांच्या उंबरठ्यावर उभी आहेत. त्यांच्या पालकांना याचा काही उपयोग व्हावा, हा हेतू आहे.

प्रथम अर्जासोबतचा अभ्यासक्रम वाचला. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवी अभ्यासक्रमाची जी चौकट जाहीर केली, तिच्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान 120 श्रेयांक आहेत आणि त्यांतील किमान 24 गौण विषयाचे. राज्यागणिक आणि विद्यापीठागणिक या आकड्यांत फरक पडतो. नातीच्या महाविद्यालयाने 24 धरले होते. पंधरा तासांची व्याख्याने म्हणजे एक श्रेयांक; प्रयोगशाळेतील काम असेल तर तीस तासांना एक. तिच्या अभ्यासक्रमात चार श्रेयांकांच्या सहा पत्रिका होत्या आणि प्रत्येकीत तीन श्रेयांक व्याख्यानांचे, एक प्रयोगांचा. मी कागदावर हिशेब केला. व्याख्यानांचे 270 तास, प्रयोगांचे 180, एकूण 450 तास. जिला आपण ‘जोडविषय’ म्हणून बाजूला सारतो, ती गोष्ट मुलीच्या आयुष्यातील साडेचारशे तास मागत होती. एवढी गुंतवणूक करताना मालाची पारख करणे भागच होते.

अटी तशा साध्या होत्या. बारावीला विज्ञान शाखा आणि पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र उत्तीर्ण. बारावीला जीवशास्त्र नसेल तर एक पूरक अभ्यास. सहा पत्रिकांपैकी पहिलीत या शास्त्राची ओळख आणि गुन्ह्याच्या जागेची नोंद कशी करावी, पुरावा कसा उचलावा, त्याला मोहोर कशी लावावी आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची साखळी कागदावर कशी राखावी हे होते. पुढे विषे व रासायनिक पृथक्करण, रक्त, केस, लाळ इत्यादी जैविक पुरावा, बोटांचे ठसे, हस्ताक्षर, शाई आणि वादग्रस्त कागदपत्रे, आणि शेवटी कायदा व संख्याशास्त्र. हस्ताक्षराच्या पत्रिकेशी माझे बोट थबकले. त्याचे कारण पुढे सांगतो.

पत्नीच्या आक्षेपाचा अर्धा भाग एका गैरसमजावर उभा होता. शवविच्छेदन करणारे शास्त्र ते न्यायवैद्यकशास्त्र, आणि ते काम डॉक्टरांचे. न्यायसहायक विज्ञानाचा विद्यार्थी प्रयोगशाळेत आलेल्या वस्तूंवर काम करतो. काचेचा तुकडा, कापडाचा धागा, औषधाची बाटली, मुद्रांक लावलेला कागद. मुंबईत कालिना येथे राज्य शासनाची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे आणि तिच्या विभागीय शाखा राज्यात आहेत. तेथील बहुतेक कर्मचारी रसायनशास्त्राचे आणि जीवशास्त्राचे पदवीधर आहेत, हे मला एका निवृत्त परिचितांनी सांगितले.

उरलेला अर्धा आक्षेप मात्र खरा होता, आणि तो पत्नीने पुन्हा नीट मांडला. “मुडदे नसतील, पण जीव मारावे लागतात की नाही, तेवढं मला सांगा.” याचे उत्तर टाळणे प्रामाणिकपणाचे झाले नसते. नातीने सुटीत घरी असताना माझ्यासमोर बसून अभ्यासक्रमाची ओळ न् ओळ तपासली आणि पेन्सिलीने खुणा केल्या. प्राण्यांच्या विच्छेदनाची भीती नव्हती. 2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून विच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिले आहेत. रक्तगट तपासण्याच्या प्रयोगात विद्यार्थी स्वतःच्याच बोटाचा थेंब वापरतात. तरी दोन जागी खूण राहिली. रक्ताचा डाग माणसाचा की जनावराचा हे ओळखण्याच्या जुन्या पद्धतीत जे प्रतिद्रव्य लागते, ते सशासारख्या प्राण्याला टोचून त्याच्या रक्तातून मिळवलेले असते. आणि मृत्यूची वेळ ठरवण्यासाठी प्रेतावरील माश्यांच्या अळ्यांचा अभ्यास करतात. तो करताना काही अळ्या गरम पाण्यात मारून मद्यार्कात ठेवाव्या लागतात.

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला पहिली सर्वथा वर्ज्य. उरलेल्या तिन्हींत त्याने शक्य तेवढी यतना राखावी. आपण व्यापारी उद्योगी हिंसेतून पूर्ण सुटलेलो नाही. गोदामात धूर देताना काय होते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण अळी हातात घेऊन, जाणूनबुजून मारणे याला उद्योगी म्हणावे की संकल्पी? माझ्या तोंडून उत्तर निघाले नाही. नातीने विभागप्रमुखांना पत्र लिहिले. त्यांनी कळवले की प्रतिद्रव्याचा प्रयोग शिक्षकच एकदा करून दाखवतात आणि अळ्यांचा अभ्यास तयार काचपट्ट्यांवर व छायाचित्रांवर होतो. विद्यार्थ्याला स्वतः काही मारावे लागत नाही. यामुळे प्रश्न मिटला असे मी म्हणणार नाही. काचपट्टीवरील अळी कोणीतरी केव्हातरी मारलेलीच असते. पत्नी म्हणाली, “तिनं विचारलं, हे बरं केलं. न विचारता गेली असती तर मला जास्त लागलं असतं.” त्या विषयावर घरात एवढेच बोलणे झाले.

आता हस्ताक्षराच्या पत्रिकेविषयी. ही गोष्ट मी आजवर घराबाहेर सांगितलेली नाही.

1984 चा हंगाम. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, पेढीवर बसत. मी चोवीस वर्षांचा होतो. आमच्याकडे बावीस वर्षे काम केलेले एक दिवाणजी होते. कीर्द, खतावणी, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, सारे त्यांच्या हातचे. शाळेत जाण्यापूर्वी मला आकडे आणि अक्षरे गिरवायला शिकवली ती त्यांनीच. अण्णा बाहेरगावी असले तर त्यांच्या संमतीने दिवाणजी त्यांच्या वतीने पावतीवर सहीही करीत.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक शेतकरी आला आणि त्याने एक चिठ्ठी पुढे केली. हळदीच्या पट्टीतील 11,000 रुपये पेढीवर ठेव म्हणून ठेवल्याची दोन ओळींची नोंद होती आणि खाली अण्णांची मोडी वळणाची सही. शेतकऱ्यांनी आडत्याकडे पैसे ठेवणे ही तेव्हाची नित्याची रीत होती. पण खतावणीत त्या रकमेची नोंद नव्हती. अण्णांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि म्हणाले, “ही सही माझी नाही.” मग ती माझ्या हातात दिली. मी क्षणभर पाहिले आणि बोलून गेलो, “अक्षर दिवाणजींचं वाटतं.”

दिवाणजी समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. “मी लिहिलेलं नाही,” एवढेच ते म्हणाले. अण्णांनी शेतकऱ्याला त्याच दिवशी पूर्ण रक्कम दिली. पोलिसांत जाण्याचा विचारही कोणी केला नाही. पेढीची अब्रू आणि बावीस वर्षांचे संबंध, दोन्ही आडवे आले. दिवाणजींना मात्र दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असे सांगण्यात आले. बाजारात कोणी काही विचारले नाही, आणि न विचारता सर्वांना कळले. त्यानंतर त्या बाजारात त्यांना कोणी कामावर ठेवले नाही. ते आपल्या गावी निघून गेले.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी, वहीपूजनासाठी माडीवरील जुने दप्तर उतरवताना एक कच्ची वही सापडली. हंगामाच्या ऐन गर्दीत अण्णा हिवतापाने आठ दिवस आजारी होते. तरी दोन दिवस ते पेढीवर घोंगडी पांघरून बसले होते. त्या दोन दिवसांची ती वही. तिच्यात अण्णांच्याच हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, त्या शेतकऱ्याचे नाव आणि 11,000 चा आकडा होता. पक्क्या वहीत ती नोंद उतरवायची राहून गेली होती. चिठ्ठी अण्णांनीच लिहिली होती. सहीही त्यांचीच होती. तापात केलेली स्वतःची सही त्यांना ओळखता आली नव्हती, आणि मी ती दुसऱ्याची म्हणून ओळखली होती.

आम्ही दोघे एस.टी.ने दिवाणजींच्या गावी गेलो. अण्णांनी हात जोडले. दिवाणजींनी आम्हाला बसवले, पाणी दिले. म्हणाले, “अण्णा, तुम्ही तापात होता, तुमचा दोष नाही. पण याला अक्षर मी शिकवलं. यानं तरी थोडं थांबून बघायला हवं होतं.” ते पेढीवर परत आले नाहीत. पुढे प्रत्येक पर्युषणाच्या अखेरीस क्षमायाचना करताना अण्णा त्यांचे नाव प्रथम घेत. आता अण्णा नाहीत, दिवाणजीही नाहीत. नाव मी घेतो.

नातीच्या अभ्यासक्रमातील हस्ताक्षराची पत्रिका वाचताना त्या दिवशीच्या माझ्या चुकीचा पायरीपायरीने उलगडा झाला. या शास्त्राचा पहिला पाठच असा की एका माणसाच्या दोन सह्या कधीही तंतोतंत सारख्या नसतात. बसण्याची रीत, घाई, आजार, थंडी, लेखणी, कागदाखालचा आधार या साऱ्यांनी सही बदलते. उलट दोन सह्या रेषान् रेष जुळल्या, तर एक दुसरीवर ठेवून गिरवली असावी अशी शंका तज्ज्ञ घेतात. तपासणारा प्रथम त्याच माणसाच्या, शक्य तर त्याच काळातील, अनेक निर्विवाद सह्या मागतो. त्यांवरून त्या हाताचे वळण किती बदलते याची मर्यादा ठरवतो आणि मगच वादग्रस्त सहीकडे वळतो. भिंगाखाली तो अक्षराच्या आकाराहून अधिक रेषेच्या जातीकडे पाहतो. नकल करणारा सावकाश चित्र काढतो. त्याची रेष मध्येच थांबते, लेखणी नको तेथे उचललेली दिसते, आरंभ आणि शेवट बोथट असतात. खरी सही कितीही वाकडी असली तरी तिच्यात ओघ असतो. तिरप्या प्रकाशात वरच्या कागदावर लिहिलेल्या मजकुराचे दाब खालच्या कागदावर वाचता येतात. अतिनील आणि अवरक्त किरणांखाली खोडलेला आकडा किंवा वेगळ्या शाईने वाढवलेले शून्य उघडे पडते.

यांपैकी आम्ही काय केले होते? तुलनेला एकही कागद घेतला नव्हता. बावीस वर्षे एकाच वहीत लिहिणाऱ्या दोन माणसांची अक्षरे जवळ येतात हे लक्षात घेतले नव्हते. ज्याला नेहमी पाहतो त्याचे नाव प्रथम मनात आले, आणि ते मी बोललो. बोलायला दोन क्षण लागले.

आपल्या शास्त्रकारांना हा विषय अपरिचित नव्हता. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया आहे. म्हणजे खोटे लेख, खोटे दस्त तयार करणे. न्यासापहार आहे, म्हणजे कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापे वापरणे आहे आणि प्रतिरूपकव्यवहार आहे, म्हणजे खऱ्या मालात तसाच दिसणारा खोटा माल मिसळून विकणे. पेढी, तराजू, दस्त आणि ठेव ज्यांच्या हाती असते अशा माणसांसाठीच हे लिहिले आहे, असे ही नावे वाचताना वाटते. ज्या विद्येने खोटा लेख, बुडवलेली ठेव आणि भेसळ शोधून काढता येते, ती व्यापारी घराण्याला परकी कशी म्हणावी? मी मुलाला हळदीचे उदाहरण दिले. हळदीत मेटॅनिल यलो हा रंग मिसळला असेल तर आम्लाचा थेंब टाकताच ती किरमिजी होते आणि पाणी घातले तरी तो रंग जात नाही. शुद्ध हळदीचा आलेला रंग पाण्याने निवतो. हा प्रयोग त्याने आमच्या दुकानात अनेकदा केला आहे. त्याला ते फॉरेन्सिक वाटत नव्हते, एवढेच.

या शास्त्राच्या एका शाखेचा जन्मच आपल्या देशात, एका व्यापारी करारातून झाला आहे. 1858 मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा मक्ता राज्यधर कोनाई नावाच्या मक्तेदाराला दिला. उद्या हा आपली सही नाकारील अशी भीती वाटून त्याने कराराच्या पाठीमागे कोनाईच्या तळहाताचा शाईचा ठसा घेतला. पुढे त्याच वाटेने बोटांच्या ठशांचा अभ्यास वाढला. 1897 मध्ये कलकत्त्याला ठशांची पहिली कचेरी स्थापन झाली, आणि ठशांचे वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून आपण ज्यांना हसतो, त्यांचा अंगठा शिकलेल्यांच्या सहीपेक्षा भक्कम ठरला.

मात्र मला सर्वांत जवळची वाटली ती इंग्लंडमधील घटना. 1984 मध्येच, म्हणजे आमच्या दिवाणजींवर आळ आला त्याच वर्षी, लेस्टर येथे अॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत शोधली. दोन वर्षांनी त्याच परिसरातील दोन मुलींच्या हत्यांच्या तपासात पोलिसांनी सतरा वर्षांच्या एका मुलाला पकडले. त्याने एका हत्येची कबुलीही दिली होती. डीएनए चाचणीने दाखवले की दोन्ही हत्या एकाच माणसाने केल्या आहेत आणि तो माणूस हा मुलगा नाही. खरा गुन्हेगार पुढे सापडला आणि 1988 मध्ये त्याला शिक्षा झाली. गुन्ह्याच्या तपासात या चाचणीने पहिले काम केले ते निर्दोष माणसाला सोडवण्याचे. गुन्हेगार पकडणे म्हणजे हे शास्त्र, असे आपण समजतो. ज्याच्यावर आळ आला आहे त्याचे रक्षण करणे हेही त्याचे तितकेच मोठे काम आहे, आणि खोटा आळ ही हिंसा आहे हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

याचा अर्थ हे शास्त्र चुकत नाही असा नव्हे. 2004 मध्ये माद्रिद येथील रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवर सापडलेला ठसा अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील ब्रँडन मेफील्ड या वकिलाचा आहे असे एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठामपणे सांगितले. त्या वकिलाला सुमारे दोन आठवडे अटकेत राहावे लागले. स्पेनच्या पोलिसांनी ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवले, आणि एफबीआयला जाहीर क्षमा मागावी लागली. एका तज्ज्ञाने एकदा मत दिले की दुसऱ्याला तेच दिसू लागते. आमच्या पेढीवरही तसेच घडले होते. मी नाव घेतल्यावर अण्णांनाही ते अक्षर दिवाणजींचे दिसू लागले होते.

म्हणून कायदाही तज्ज्ञाच्या म्हणण्याला ‘मत’च म्हणतो. पूर्वीच्या 1872 च्या पुरावा कायद्यात ती तरतूद 45 व्या कलमात होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती 39 व्या कलमात आहे. हस्ताक्षराच्या बाबतीत तर न्यायालये असे मत विशेष सावधगिरीने स्वीकारतात. चांगला तज्ज्ञ आपल्या अहवालात ‘हा ठसा याचाच’ असे सरसकट लिहीत नाही. उपलब्ध नमुन्यांवरून, अमुक मर्यादेत, असे असण्याची शक्यता आहे, असे लिहितो. संख्याशास्त्राची पत्रिका त्यासाठीच. नातीच्या काही मैत्रिणी त्या पत्रिकेला कंटाळून हा विषय नाकारतात असे कळले. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटली. आपल्या परंपरेत ‘स्यात्’ या एका शब्दाने बोलणाऱ्याला जी मर्यादा घातली आहे, तिची सवय लावणारे हे गणित आहे.

मुलाचा व्यावहारिक प्रश्न शिल्लक होता. यातून पुढे काय? याचेही उत्तर स्पष्ट असावे. केवळ गौण विषय घेतल्याने कोणी तज्ज्ञ होत नाही. प्रयोगशाळेत काम करायचे तर मुख्य विषय पक्का हवा आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण हवे. त्यासाठी गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. गुजरातने 2009 मध्ये सुरू केलेल्या विद्यापीठाला 2020 मध्ये संसदेच्या कायद्याने हे राष्ट्रीय रूप मिळाले. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 176 व्या कलमाने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी तज्ज्ञाने जाणे बंधनकारक केले आहे आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. तेव्हा माणसे लागतील हे उघड आहे. तरी कोणत्याही संस्थेत प्रवेश घेण्यापूर्वी तिची मान्यता, प्रयोगशाळा प्रत्यक्ष आहे की कागदावर, आणि शिकवणाऱ्यांचे मूळ विषय कोणते हे पाहावे. दूरचित्रवाणीवरील मालिका पाहून हा विषय घेणाऱ्या मुलांना पुढे निराशा येते. येथील बहुतेक दिवस नोंदी लिहिण्यात जातात. या बाबतीत आपल्या घरची मुले मागे पडू नयेत. रोजमेळ एका पैशानेही चुकला तर रात्री उशिरापर्यंत बसून तो जुळवणाऱ्यांची ती नातवंडे आहेत.

आठव्या दिवशी मी तिजोरी उघडली. अण्णांनी ती चिठ्ठी आणि कच्ची वही जपून ठेवली होती, ती मी बाहेर काढली. गोष्ट न सांगता चिठ्ठी नातीसमोर ठेवली, शेजारी त्या वर्षीची पक्की वही उघडली आणि विचारले, “ही सही वहीतल्या हाताची आहे का, बघून सांग.”

तिने ती खिडकीशी नेली. पुष्कळ वेळ पाहिली. माझे लक्ष तिच्या चेहऱ्याकडे होते. मग ती परत आली आणि चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाली, “आजोबा, मी नाही सांगू शकत. तुलनेला त्याच दिवसांतल्या दहा-पंधरा सह्या तरी हव्यात. आणि मला अजून हे शिकवलेलंच नाही. आता काही बोलले तर तो नुसता अंदाज होईल.”

तिचे वय एकोणीस. त्या दिवशी माझे चोवीस होते.

मग मी तिला सारी हकीकत सांगितली. पत्नी दारात उभी राहून ऐकत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिनेही ती पूर्ण ऐकलेली नव्हती. ऐकून झाल्यावर ती आत गेली आणि पेन घेऊन आली. मी अर्जावर सही केली. मुलाने तो दुसऱ्या दिवशी स्वतः टपालात टाकला.

वाचकांना एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी असा अर्ज आला तर विषयाच्या नावावरून निर्णय घेऊ नका. अभ्यासक्रम मागवा, मुलांबरोबर बसून वाचा, आणि आपल्या व्रताला जेथे बाधा येते असे वाटते तेथे त्यांनाच प्रश्न विचारायला लावा. आणि पेढीवर कधी वादग्रस्त कागद समोर आला, तर समोर बसलेल्या माणसाचे नाव घेण्यापूर्वी माडीवरचे दप्तर एकदा उतरवून पाहा.

चिठ्ठी आणि कच्ची वही पुन्हा तिजोरीत आहेत. पत्रिका शिकून झाल्यावर दोन्ही मागून घेईन, असे नातीने सांगून ठेवले आहे.